मारचे अर्लपद: एक नाव, दोन पदे आणि साडेचारशे वर्षांची भाऊबंदकी

दप्तरदार

ब्रिटिश उमरावांची यादी चाळताना एक विसंगती हमखास नजरेत भरते. ‘मारचा अर्ल’ या नावाची दोन वेगवेगळी पदे आज एकाच वेळी अस्तित्वात आहेत. त्यांपैकी एक मार्गारेट ऑफ मार यांच्याकडे असून १९७५ पासून त्या एकतिसाव्या काउंटेस म्हणून ओळखल्या जातात. दुसरे अर्स्किन घराण्याच्या ‘मार आणि केली’च्या अर्लकडे आहे आणि तेथे क्रमांक चौदावा लागतो. नाव एक, मुलूख एक, दोन्ही शाखांचा मूळपुरुषही एक, तरीही एका ठिकाणी पदाचे एकतीस धारक मोजले जातात आणि दुसऱ्या ठिकाणी चौदाच. हा फरक कोठून आला, हे समजून घेण्यासाठी गेले काही महिने जे वाचले ते येथे मांडतो आहे. जाणकारांनी दुरुस्त्या अवश्य सुचवाव्यात.

स्कॉटलंडच्या ईशान्येस, आजच्या ॲबर्डीनशायरमध्ये, डी आणि डॉन या नद्यांमधील प्रदेशाला मार म्हणतात. अर्ल ही उपाधी येण्यापूर्वी येथे ‘मोरमेर’ असत. या गेलिक शब्दाचा अर्थ बहुतेक अभ्यासक ‘मोठा कारभारी’ असा लावतात. मोरमेर हा प्रांताचे सैन्य उभे करणारा आणि राजाचे येणे वसूल करणारा वंशपरंपरागत अधिकारी होता. शेक्सपिअरमुळे सर्वांना ठाऊक झालेला मॅकबेथ हा राजा होण्यापूर्वी मोरेचा मोरमेर होता, आणि १०५७ मध्ये तो ज्या लम्फॅननला मारला गेला ते गाव मार प्रांतातलेच. मारच्या मोरमेराचा पहिला उल्लेख मात्र स्कॉटलंडच्या नव्हे, तर आयर्लंडच्या बखरीत सापडतो. १०१४ मध्ये डब्लिनजवळ क्लोनटार्फ येथे झालेल्या लढाईत ब्रायन बोरूच्या बाजूने लढताना जे पडले, त्यांत एमीनचा मुलगा डोनल, मारचा मोरमेर, याचे नाव आहे.

बाराव्या शतकाच्या आरंभी रुआरी नावाचा मोरमेर भेटतो. ‘बुक ऑफ डिअर’ या हस्तलिखिताच्या समासात मठाला मिळालेल्या जमिनींच्या नोंदी गेलिकमध्ये लिहिलेल्या आहेत, तेथे तो ‘मोरमेर’ आहे; त्याच सुमारच्या लॅटिन सनदेत मात्र तोच ‘कोमेस’ होतो. कोमेस म्हणजेच पुढचा अर्ल. नवे पद निर्माण करून ते कोणाला बहाल केले, असे येथे घडलेले नाही. जुन्याच अधिकाराला दरबारी भाषेत नवे नाव पडले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा वाद तिच्याभोवती फिरतो. ज्या पदाची मूळ सनदच नाही, ते पद कोणत्या नियमाने वारसाकडे जाते, हा त्या वादातला कळीचा प्रश्न आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस हे घराणे राजवंशाच्या अगदी निकट आले. अर्ल डोनल पहिला याची मुलगी इझाबेला ही पुढे स्कॉटलंडचा राजा झालेल्या रॉबर्ट ब्रूसची पहिली पत्नी. तिच्या मार्जरी या मुलीपासून पुढे स्टुअर्ट राजवंश निघाला. १३०६ मध्ये इंग्रजांनी मारच्या किल्ड्रमी किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा तो रॉबर्टचा धाकटा भाऊ नील ब्रूस लढवत होता. किल्ला पडला आणि नीलला बेरिक येथे ठार करण्यात आले. अर्ल डोनल दुसरा हा त्या धामधुमीत लहानपणीच इंग्रजांच्या हाती लागला आणि इंग्लंडमध्ये वाढून एडवर्ड दुसऱ्याचा निष्ठावंत झाला. १३२७ मध्ये तो परतला, ऑगस्ट १३३२ मध्ये राज्याचा पालक म्हणून निवडला गेला आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, ११ ऑगस्टला, डपलिन मूरच्या लढाईत मारला गेला.

त्याचा मुलगा थॉमस निपुत्रिक गेल्यावर पद थॉमसची बहीण मार्गारेट हिच्याकडे आले. तिचा पती विल्यम, डग्लसचा पहिला अर्ल, पत्नीच्या हक्काने मारचाही अर्ल झाला. त्यांचा मुलगा जेम्स १३८८ मध्ये ऑटरबर्नच्या लढाईत पडला आणि मार त्याची बहीण इझाबेला डग्लस हिच्याकडे गेले. एका पिढीच्या अंतराने दोनदा हे पद स्त्रीकडे गेले आणि त्या काळी त्यावर कोणी आक्षेप घेतल्याचे दिसत नाही.

आता १४०४ चे किल्ड्रमी. इझाबेलाचा पती माल्कम ड्रमंड १४०२ च्या सुमारास कोणाच्या तरी कैदेत मरण पावला होता. बेडनॉकचा लांडगा म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या, १३९० मध्ये एल्गिनचे कॅथेड्रल जाळणाऱ्या बकनच्या अर्लचा अनौरस मुलगा अलेक्झांडर स्टुअर्ट याने किल्ड्रमी ताब्यात घेतला. १२ ऑगस्ट १४०४ रोजी इझाबेलाने एक दस्त करून दिला. त्यानुसार तिने अलेक्झांडरशी विवाह करावा, अपत्य न झाल्यास अर्लपद अलेक्झांडरच्या वारसांकडे जावे आणि तिच्या स्वतःच्या कुळाला काही उरू नये, असे ठरले. पाच आठवड्यांनी, १९ सप्टेंबरला, चित्र पालटले. अलेक्झांडर किल्ल्याच्या दाराशी आला आणि साक्षीदारांसमक्ष त्याने किल्ला, दस्तऐवज आणि किल्ल्या इझाबेलाच्या स्वाधीन केल्या. त्या किल्ल्या हातात धरून तिने त्याला ‘स्वखुशीने’ पती म्हणून निवडले. जानेवारी १४०५ मध्ये राजा रॉबर्ट तिसरा याने जी मान्यता दिली, तिच्यात दोघांना अपत्य न झाल्यास अर्लपद इझाबेलाच्या वारसांकडे परतावे अशी तरतूद होती. ऑगस्टचा दस्त राजाने मान्य केला नाही, ही या प्रकरणातली सर्वांत वजनदार बाब आहे असे मला वाटते.

इझाबेला १४०८ मध्ये निपुत्रिक वारली. अलेक्झांडर अर्ल म्हणून राहिला आणि २४ जुलै १४११ रोजी हार्लॉ येथे त्याने स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांचा अधिपती डोनल्ड याला ॲबर्डीनच्या वाटेवर रोखले. त्या बळावर त्याचे दरबारी वजन वाढले. १४२६ मध्ये त्याने अर्लपद राजा जेम्स पहिला याच्या स्वाधीन करून ते परत घेतले. नव्या अटीनुसार ते त्याच्यानंतर त्याच्या अनौरस मुलाकडे आणि त्या मुलाला वारस नसल्यास राजाकडे जायचे होते. मुलगा आधी वारला, १४३५ मध्ये अलेक्झांडरही गेला आणि राजाने मार खालसा केले. जे पद आपले नव्हतेच, ते राजाला देऊन परत घेण्याचा अधिकार अलेक्झांडरला कोठून आला, हा प्रश्न इझाबेलाच्या दायादांनी तेव्हापासून विचारायला सुरुवात केली. त्याचे उत्तर मिळायला १८८५ साल उजाडले.

पुढचा भाग सवडीने लिहीन. तोवर चर्चा व्हावी.

साशंक

लेख आवडला, पण दोन ठिकाणी थोडे सबुरीने घ्यायला हवे होते.

पहिली बाब १०१४ च्या डोनलची. मारमध्ये मोरमेर होते याचा तो पुरावा आहे, हे मान्य. परंतु त्याच्यापासून रुआरीपर्यंत वंशावळ सलग जोडता येत नाही. रुआरीनंतरही वारसा सरळ बापाकडून मुलाकडे गेला असे नाही. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉरग्रंड आणि गिलक्रिस्ट हे दोन अर्ल झाले आणि त्यांच्या शाखांमध्ये पुढे वाद पेटला. गिलक्रिस्टच्या बाजूने हक्क सांगणाऱ्या डरवर्ड घराण्याला मारच्या दक्षिणेकडचा बराच मुलूख मिळाला आणि अर्लपद मॉरग्रंडच्या वंशात राहिले. म्हणजे भाऊबंदकी १४३५ ला सुरू झाली असे शीर्षक सुचवते, ती त्याहून दोनशे वर्षे जुनी आहे.

दुसरी बाब इझाबेलाची. पहिल्या पतीचा मृत्यू, किल्ल्याचा ताबा आणि लगेच विवाह असा क्रम पाहून ‘जबरदस्ती’ हा निष्कर्ष सहज निघतो. आपण तसे स्पष्ट लिहिले नसले तरी ‘स्वखुशीने’ या शब्दाभोवतीची अवतरणचिन्हे बोलकी आहेत. एकट्या पडलेल्या, तिशी-चाळिशीतल्या, मोठ्या मुलुखाच्या मालकिणीला उत्तरेत एका लढवय्या संरक्षकाची गरज होती, आणि सप्टेंबरचा समारंभ हा तिच्या बाजूने झालेल्या वाटाघाटीचा परिणाम असू शकतो. ऑगस्टचा दस्त रद्द करून घेण्यात ती यशस्वी झाली, याचा अर्थ तिच्या पाठीशी कोणीतरी होते.

उत्तरवारा

ॲबर्डीनमध्ये राहत असल्यामुळे किल्ड्रमी अनेकदा पाहिला आहे; शहरापासून पश्चिमेला साधारण पंचावन्न किलोमीटर. आपल्याकडच्या डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्या डोळ्यांना तो प्रथमदर्शनी किल्लाच वाटत नाही, कारण तो माथ्यावर नसून एका ओढ्याच्या दरीच्या काठावर बेताच्या उंचीवर आहे. आराखडा ढालीसारखा आहे. मागची सरळ भिंत दरीकडे आणि निमुळते टोक प्रवेशद्वाराकडे. दाराच्या जोड बुरुजांचा आता फक्त पाया उरला आहे, तर चॅपेलच्या पूर्व भिंतीतील तीन उंच, निमुळत्या खिडक्या अजून उभ्या आहेत. १४०४ च्या सप्टेंबरमध्ये अलेक्झांडर ज्या दाराबाहेर उभा राहिला ते दार हेच, असे मानायला हरकत नसावी.

१३०६ च्या वेढ्याबद्दल येथे एक दंतकथा सांगतात. किल्ल्यातील लोहाराला इंग्रजांनी फितवले आणि बक्षीस म्हणून उचलता येईल तेवढे सोने कबूल केले. त्याने धान्याच्या कोठाराला आग लावली. किल्ला पडल्यावर इंग्रजांनी कबूल केलेले सोने वितळवून त्याच्या घशात ओतले. गोष्ट इतिहास म्हणून घेऊ नये.

एक भर घालतो. १३३५ मध्ये रॉबर्ट ब्रूसची बहीण ख्रिस्तिना हिने हाच किल्ला डेव्हिड ऑफ स्ट्रॅथबोगीच्या वेढ्यात लढवला होता. तिचा पती अँड्र्यू मरे मदतीला धावून आला आणि ३० नोव्हेंबरला कलब्लीनच्या लढाईत स्ट्रॅथबोगी मारला गेला. मारच्या इतिहासात स्त्रिया केवळ वंशावळीच्या दुव्यापुरत्या येत नाहीत, एवढेच सुचवायचे होते.

दप्तरदार

साशंक, डरवर्ड प्रकरण मी वगळले होते, ते आपण भरून काढलेत याबद्दल आभार. शीर्षकातील साडेचारशे वर्षे १४३५ ते १८८५ या काळापुरती घ्यावीत. इझाबेलाबद्दल आपला तर्क मला पूर्णपणे पटत नाही, तरी अवतरणचिन्हांतून मी माझे मत आडून सांगितले, हा आरोप मान्य आहे.

आता उत्तरार्ध.

इझाबेलानंतर तिच्या कुळात हक्कदार कोण? अर्ल गार्टनेट, म्हणजे डपलिनला पडलेल्या डोनलचा पिता, याला एलेन नावाची मुलगी होती. तिची मुलगी ख्रिश्चन, ख्रिश्चनची मुलगी जॅनेट कीथ, आणि जॅनेटचा थॉमस अर्स्किनपासून झालेला मुलगा म्हणजे सर रॉबर्ट अर्स्किन. म्हणजेच अर्स्किन घराण्यात मारचा हक्क लागोपाठ तीन स्त्रियांमधून आला. ही साखळी लक्षात ठेवावी.

राजा जेम्स पहिला १४३७ मध्ये मारला गेला आणि गादीवर सहा वर्षांचा मुलगा आला. त्या संधीत, १४३८ मध्ये, रॉबर्ट अर्स्किनने वारसचौकशी करवून घेतली. ही चौकशी म्हणजे त्या मुलुखातील प्रतिष्ठितांचे पंच बसवून, शपथेवर साक्षी घेऊन, अमुक हा अमुकाचा खरा वारस आहे असा निर्णय लिहवून घेणे. आपल्या जुन्या कागदांत वतनाच्या तंट्यात गोतसभेचा महजर होतो, त्याच्याशी हिचे साम्य जाणवते. पंचांनी रॉबर्टला इझाबेलाचा वारस ठरवले आणि तो स्वतःला मारचा अर्ल म्हणवू लागला. दरबाराने मात्र किल्ला व मुलूख सोडण्यात टाळाटाळ चालवली. पुढे राजा जेम्स दुसरा वयात आला आणि १४५७ मध्ये ॲबर्डीन येथे, त्याच्या समक्ष, नवे पंच बसले. त्यांनी १४३८ चा निर्णय चुकीचा ठरवला. राजा स्वतः पक्षकार, राजा स्वतः हजर आणि पंच त्याच्याच प्रजेतले. अशा चौकशीचा निकाल वेगळा लागणे अवघडच होते.

पुढची शंभर वर्षे मार ही राजघराण्याची खासगी दौलत बनली. जेम्स दुसऱ्याच्या धाकट्या मुलाला ती मिळाली, तो १४७९ मध्ये मरण पावला; पुढे जेम्स तिसऱ्याच्याही एका मुलाला मिळाली, तो १५०३ मध्ये गेला. १५६२ मध्ये राणी मेरीने ती आपला सावत्र भाऊ जेम्स स्टुअर्ट याला दिली, पण लवकरच त्याला मोरेचे अर्लपद देऊन मार मोकळे झाले. अखेर २३ जून १५६५ रोजी मेरीने जॉन, लॉर्ड अर्स्किन याच्या नावे सनद काढली. इझाबेलाचा कायदेशीर वारस असलेल्या रॉबर्ट अर्स्किनवर अन्याय झाला होता आणि तो दूर करणे राणीचे कर्तव्य आहे, असा त्या सनदेचा आशय आहे. वारसांमध्ये पुरुष-स्त्री असा भेद सनदेत केलेला नाही.

या जॉनने १५७१ मध्ये राज्याचा रीजंट म्हणून कारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी तो वारला. १६०६ मध्ये अर्लांचा मानक्रम ठरवण्यासाठी सर्वांचे कागद तपासले गेले, तेव्हा मारला १५६५ च्या आधी निर्माण झालेल्या काही अर्लपदांच्या वरचे स्थान मिळाले. १६२६ मध्ये कोर्ट ऑफ सेशनने, म्हणजे स्कॉटलंडच्या वरिष्ठ दिवाणी न्यायालयाने, १४५७ चा निर्णयच रद्दबातल ठरवला. एवढे झाल्यावर प्रकरण मिटले असे कोणालाही वाटावे.

१७१५ मध्ये मात्र आणखी एक जॉन अर्स्किन, ज्याला पक्ष बदलण्याच्या सवयीमुळे लोक ‘डुलता जॉन’ म्हणत, त्याने ६ सप्टेंबरला ब्रेमार येथे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने बंडाचे निशाण उभारले. १३ नोव्हेंबरला शेरिफम्युरची लढाई बरोबरीत सुटली, बंड विरघळले, जॉन परदेशी पळाला आणि १७१६ मध्ये पद व मालमत्ता जप्त झाली. ही जप्ती १८२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने उठली. पद मिळाले ते त्याच्या नातवाला, जॉन फ्रान्सिस अर्स्किन याला. हा नातू मुलीचा मुलगा होता. पण त्या मुलीने आपल्या चुलतभावाशीच लग्न केले होते, त्यामुळे तो पितृकुळानेही जवळचा वारस होता. स्त्रीवारसाने पद मिळाले की पुरुषवारसाने, हा प्रश्न त्यामुळे त्या वेळी उपस्थितच झाला नाही.

तो १८६६ मध्ये उपस्थित झाला. त्या वर्षी मार आणि केली या दोन्ही पदांचा धनी असलेला अर्ल निपुत्रिक वारला. केलीचे पद पुरुषवंशाचे होते, ते सख्ख्या चुलतभावाकडे गेले, याबद्दल दुमत नव्हते. मारसाठी बहिणीचा मुलगा जॉन गुडीव्ह पुढे आला, त्याने गुडीव्ह-अर्स्किन हे आडनाव घेतले आणि तो अर्ल म्हणून वावरू लागला. केलीच्या अर्लने १८६७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सकडे अर्ज केला. तो निकालापूर्वीच, १८७२ मध्ये, वारला. मुलाने अर्ज पुढे चालवला. २५ फेब्रुवारी १८७५ रोजी विशेषाधिकार समितीने निकाल दिला की मारचे जुने अर्लपद अलेक्झांडर स्टुअर्टबरोबर संपले. १५६५ मध्ये मेरीने जे दिले ते पूर्णपणे नवे पद होते. आणि नव्या पदाची सनद सापडत नसल्याने ते पुरुषवंशाचे मानले पाहिजे. सबब मार केलीच्या अर्लकडे.

तीन स्त्रियांच्या साखळीतून ज्या घराण्यात हक्क आला, त्याच घराण्यातील एका शाखेने ‘स्त्रीकडून हक्क येत नाही’ असे सांगून तो मिळवला. स्कॉटलंडमध्ये यावर एवढा गदारोळ उठला की १८८५ मध्ये पार्लमेंटला स्वतंत्र कायदा करून गुडीव्ह-अर्स्किनला जुने अर्लपद द्यावे लागले आणि १८७५ चा निकाल उलटवावा लागला.

वकीलपत्र

शेवटच्या वाक्यात एक चूक आहे आणि ती लहान नाही. १८८५ च्या कायद्याने १८७५ चा निकाल उलटवला नाही. तसे झाले असते तर केलीच्या अर्लकडील मार पद नाहीसे झाले असते आणि आपल्या धाग्याचा पहिला परिच्छेदच लिहिण्याचे कारण उरले नसते. कायद्याने एवढेच म्हटले की प्राचीन अर्लपदाबद्दल संशय आहे, तो संशय गुडीव्ह-अर्स्किनच्या बाजूने दूर करण्यात येत आहे. आणि १५६५ चे पद समितीने ठरवल्याप्रमाणे केलीच्या अर्लकडेच राहील. म्हणजे दोन परस्परविरोधी निष्कर्ष शेजारी शेजारी उभे केले गेले. मेरीने १५६५ मध्ये जुने पद परत दिले असेल, तर नवे दिले नाही. नवे दिले असेल, तर जुने मेलेले होते. दोन्ही एकदम खरे असणे तर्काला धरून नाही, पण पार्लमेंटला तर्काचे बंधन नसते.

१८७५ च्या निकालाची बाजूही थोडी मांडतो, कारण अशा लेखांत तिला खलनायकाची भूमिका देण्याची प्रथा आहे. निकाल देणारे तिघे होते. त्यांपैकी केर्न्स हे त्या वेळचे लॉर्ड चॅन्सलर, चेम्सफर्ड हे माजी चॅन्सलर आणि रेडेसडेल हे सभागृहाच्या समित्यांचे अध्यक्ष, वकील नव्हेत. त्यांच्या विचाराचा गाभा असा की, जुने अर्लपद हे मुलुखाशी जडलेले होते; मुलूख राजाकडे गेला, तुकड्या तुकड्यांनी इतरांना वाटला गेला, तेव्हा अर्लपदाला टेकायला जमीनच उरली नाही. मग जूनची सनद ही जमिनीपुरती ठरते आणि मानाचे पद त्यानंतर स्वतंत्रपणे दिले गेले असे मानावे लागते. याला आधार म्हणून त्यांनी एक तपशील पुढे केला. २८ जुलै १५६५ रोजी जॉन दरबारात लॉर्ड अर्स्किन म्हणून हजर होता आणि १ ऑगस्टला मारचा अर्ल म्हणून. मधल्या दिवसांत, म्हणजे मेरी आणि डार्न्लीच्या लग्नाच्या सुमारास, त्याला नवे पद मिळाले असणार.

पुरुषवंशाचे गृहीतक अठराव्या शतकातील लॉर्ड मॅन्सफील्डचे आहे. सनद नसेल तेथे पद पुरुषवंशाचे मानावे, हा दंडक त्यांनी घालून दिला. पण त्याच काळात, १७७१ मध्ये, सदरलंडचे अर्लपद एलिझाबेथ या लहान मुलीला मिळाले, कारण ते पूर्वी स्त्रीकडे गेल्याचा पुरावा सापडला. मारच्या बाबतीत असा पुरावा ढिगाने होता, तो फक्त १४३५ च्या आधीचा होता. म्हणूनच समितीला जुने पद १४३५ ला मेलेले हवे होते. तर्क सुसंगत होता. त्याचा पाया कच्चा होता, कारण १६२६ च्या न्यायालयाने १४५७ चा निर्णय रद्द केला होता, आणि खालसा करण्याचा सारा आधार त्या निर्णयावर होता.

मोडीवाचक

विषयांतर नको म्हणून थोडक्यात. १६२६ च्या दाव्यात अर्स्किनांसमोर प्रतिवादी कोण होते, हे मराठी वाचकाला रंजक वाटेल. १५०७ च्या सुमारास जेम्स चौथ्याने किल्ड्रमी अलेक्झांडर एल्फिन्स्टन याला दिला. तोच पुढे पहिला लॉर्ड एल्फिन्स्टन झाला आणि १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत पडला. १६२६ मध्ये कोर्टाने त्याच्या वंशजाकडून किल्ला काढून मारच्या अर्लला दिला.

पेशवाईच्या अखेरीस पुण्यात रेसिडेंट असलेला आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर राहिलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा याच घराण्याचा, अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा. त्याचा पुतण्या, तेरावा लॉर्ड, १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर होता. २०१८ मध्ये ज्याचे नाव प्रभादेवी झाले ते रेल्वे स्थानक त्याच्याच नावाचे. राजाने दिलेले इनाम शंभर-सव्वाशे वर्षांनी जुन्या वारसाच्या दाव्यात कोर्टाने काढून घेतले, हे ज्या घराण्याने अनुभवले होते, त्यातल्या माणसावर दख्खनची इनामे व वतने कोणाकडे ठेवायची हे ठरवण्याची वेळ आली. त्याच्या धोरणाचा या कौटुंबिक इतिहासाशी संबंध जोडायला मी तयार नाही. योगायोग म्हणून नोंदवतो.

साशंक

योगायोग म्हणून नोंदवलात हे बरे केलेत. वतन आणि अर्लपद यांची तुलना दप्तरदारांनीही एका वाक्यापुरती ठेवली आहे आणि ती तेवढीच असावी. वतन विभागता येते, भावांमध्ये तक्षिमा पडतात. अर्लपद अविभाज्य आहे, आणि त्यामुळेच मारचा तंटा इतका चिघळला. तक्षिमा पाडता आल्या असत्या तर १८६६ मध्येच मिटले असते.

वकीलपत्र

१८८५ मध्ये पार्लमेंटने केले ते दुसरे काय होते? एका पदाच्या दोन तक्षिमाच झाल्या. फक्त कागदावर तसे म्हटले नाही.

दप्तरदार

वकीलपत्र यांची दुरुस्ती मान्य. ‘उलटवावा लागला’ हे शब्द चुकीचे आहेत. ‘निकाल कायम ठेवून त्याच्या शेजारी जुने पद पुन्हा उभे करावे लागले’ असे वाचावे. अर्स्किनांच्या क्रमांकांचा गोंधळही याच पेचातून येतो. १७१५ च्या डुलत्या जॉनला कोणी सहावा अर्ल म्हणतो, कोणी बाविसावा, कोणी तेविसावा. १५६५ पासून मोजणाऱ्याला सहा मिळतात. मागे रुआरीपर्यंत जाणाऱ्याला वीसपेक्षा अधिक, आणि मध्येही कोणाला धरावे व कोणाला गाळावे यावर एकमत नाही. म्हणजे नुसता क्रमांक वाचूनही लिहिणारा १८७५ च्या कोणत्या बाजूला उभा आहे हे कळते.

एक प्रश्न राहतो. समितीच्या मते जुने पद मुलुखापासून तोडता येत नव्हते. तर मग आज या दोन पदांपैकी किल्ड्रमी कोणाकडे आहे?

उत्तरवारा

दोघांकडेही नाही. १७१५ च्या बंडानंतर किल्ल्याची मोडतोड झाली, जप्तीनंतर जमीन इतरांच्या हाती गेली. अवशेष आता सरकारी पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहेत. अर्स्किनांनी १६२८ मध्ये बांधलेला ब्रेमारचा किल्ला फार्कर्सन घराण्याकडे गेला आणि अलोआचा त्यांचा जुना बुरूज नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड सांभाळते. किल्ड्रमीला तिकीट काढून आत जाता येते, हिवाळ्यात मात्र दार बंद असते.